'गॉडी नाइट' वाचून झाल्यावर घरच्या ग्रुपवर

ताई: आत्या, तू दिलेली डोरोथी सेयर्सची रहस्यकादंबरी 'गॉडी नाइट' काल रात्री संपवली. शेवटचं पान आलं तरी एक खून नाही!

आत्या: म्हणून तर जास्त भीती वाटते गं. नायिका हॅरिएट ऑक्सफर्डच्या आपल्या जुन्या मुलींच्या कॉलेजात जाते आणि तिच्या विद्यापीठाच्या गाऊनच्या बाहीतून पहिली चिठ्ठी पडते, वर्तमानपत्रातली अक्षरं कापून चिकटवलेली. हॅरिएट खुनाच्या खटल्यातून निर्दोष सुटलेली, आणि चिठ्ठीत तिला खुनीच म्हटलंय. माझे हातपाय गार पडले होते.

दादा: पण पोलिसांत का जात नाहीत? मला तेच खटकलं.

आत्या: अरे, काळ बघ. पुस्तक १९३५ चं. ऑक्सफर्डने बायकांना पदव्या द्यायला सुरुवात केली १९२० मध्ये. सेयर्सबाई स्वतः तिथल्या सॉमरव्हिल या मुलींच्या कॉलेजच्या. १९१५ ला पहिला वर्ग मिळवला, पदवी पाच वर्षांनी हातात पडली. १९२७ मध्ये मुलींच्या संख्येवर विद्यापीठाने मर्यादा घातली. एवढ्या कष्टाने उभं राहिलेलं कॉलेज, आणि आतलंच कुणीतरी घाण पत्रं लिहितंय. बाहेर कळलं की संपलंच.

आई: आपल्या नाशिकला जन्मलेल्या वकील कोर्नेलिया सोराबजी तिथल्याच ना?

आत्या: हो वहिनी, सॉमरव्हिलच्याच! पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून १८८९ ला तिकडे गेल्या. १८९२ ला कायद्याची परीक्षा दिली आणि पदवीसाठी तीस वर्षं थांबल्या. ही कादंबरी वाचताना मला सारख्या त्याच आठवतात.

ताई: मला तो हस्तिदंती बुद्धिबळाचा संच विसरता येत नाहीये. तिच्यावर प्रेम करणाऱ्या पीटर या गुप्तहेराचे उपकार नकोत म्हणणारी हॅरिएट तेवढा एक संच घेते, आणि कुणीतरी त्याचाच चुरा करतं. पुस्तक मिटून उठले, पाणी प्यायले.

काकू: माझं वाचायचंय, गुन्हेगार सांगू नका हं!

आत्या: नाही सांगत. पण प्राध्यापिकांच्या त्या गप्पा नीट वाच. एका संशोधकाने आपल्या सिद्धान्ताविरुद्धचा कागद दडवला, एका बाईने ते उघड केलं, त्याचं करिअर बुडालं. घरी बायकोमुलं. बाईंचं चुकलं का? माझ्या मते नाही. अभ्यासात खोटं चालवून घेतलं की उरतं काय?

दादा: मी गप्प बसलो असतो आत्या. मुलांचा काय दोष?

ताई: मी नसते बसले.

काकू: शनिवारी येतेय, पुस्तक काढून ठेवा.