पोराला राइट बॅकला टाकलंय, जुन्यांपैकी कुणाचा खेळ दाखवू?

कोथरूडचा बाबा:
मुलगा 11 वर्षांचा. फुटबॉलमध्ये इतके दिवस पुढे खेळायचा, या महिन्यात सरांनी राइट बॅक, म्हणजे उजवीकडचा बचाववाला केलं. तेव्हापासून तोंड फुगलंय. "मागे राहून गोल कसा मारू?" म्हणे. काय दाखवू त्याला?

चिखलातला स्टॉपर:
फ्रान्सचा राइट बॅक लिलियाँ थुराम, डोळे झाकून. फ्रान्ससाठी 142 सामने, गोल 2. दोन्ही एकाच रात्री, 1998च्या वर्ल्डकप सेमीफायनलला.

आपल्याकडे मॅच रात्री साडेबाराला सुरू झाली. मी बारावीत, शनिवार पेठेतल्या वाड्यात. शेजारच्या खोलीत आजोबा झोपलेले, म्हणून टीव्हीचा आवाज बंद. बाहेर पागोळ्या. हाफटाइम संपतो न संपतो तोच क्रोएशियाच्या सुकेरने गोल मारला. फ्रान्सची बाकीची बचावाची लाइन पुढे सरकली होती, एकटा थुराम मागे रेंगाळला, म्हणून सुकेर शेवटच्या बचाववाल्याच्या पलीकडे ठरलाच नाही, म्हणजे ऑफसाइड नाही. मीही स्टॉपर, म्हणजे मधला बचाववाला खेळायचो. पोटात गोळाच आला. पण मिनिटभरात ह्याच पठ्ठ्याने बोबानच्या पायातला बॉल काढला, जोर्काएफला पास देऊन लगेच परत घेतला, बरोबरी! मग 70व्या मिनिटाच्या आसपास गोलपुढच्या पेनल्टी चौकटीच्या उजव्या कोपऱ्यावरून डाव्या पायाने दुसरा. गुडघ्यावर बसून ओठांवर बोट, जणू गणित अडलंय. इकडे मी उशी चावतोय.

पोराला मात्र आधी सुकेरचा गोल दाखवा. व्हिडिओ थांबवायचा आणि विचारायचं, थुराम कुठे उभाय?

कर्वे रोड 9:
ब्राझीलचा राइट बॅक काफू दाखवा हो. ओळीने तीन वर्ल्डकप फायनल! थुराम 2006च्या फायनलला तर गालासबरोबर मधे स्टॉपर होता.

चिखलातला स्टॉपर:
काफू दाखवलात तर पोरगं पुढेच पळेल, परत आणायला सरांना शिट्टी फुंकावी लागेल. आणि थुरामला मधलं काम येत होतं, हे वाईट कसं? इटलीच्या पार्मा क्लबात त्याच्या बाजूला कॅनावारो, पाठीशी गोलकीपर बुफॉन. 1999चा युएफा कप उगाच नाही मिळाला.

कोथरूडचा बाबा:
थांबा, हा इंटर मिलान क्लबच्या मार्कस थुरामचा बाप ना? पोरगा ओळखतो त्याला!

चिखलातला स्टॉपर:
तोच. मार्कसचा जन्मच पार्माचा.

कोथरूडचा बाबा:
काल जेवताना दाखवला. सुकेरच्या गोलला म्हणाला, "बाबा, हा बॉलकडेच बघत बसलाय, लाइन बघितलीच नाही." मला स्वतःला दिसलं नव्हतं. नंतरचे दोन गोल मात्र नऊ वेळा बघितले, आमटी गार.