सेफ्टी स्टॉपला शरीर वर उचलले जाते : शिसे वाढवावे की कमी करावे?

लाटेखाली (प्रश्न)

नमस्कार. ओपन वॉटर हा प्राथमिक अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला असून लवकरच उष्ण पाण्यातील एका प्रवाळभित्तीवर डायव्हिंगसाठी जाणार आहे. सरावाचा बराचसा भाग तरणतलावात, गोड्या पाण्यात आणि 5 मिलिमीटर जाडीच्या वेटसूटमध्ये झाला. पुढे समुद्रात उतरलो तेव्हा सुरुवातीला सहज खाली जाता आले, परंतु अखेरीस 5 मीटरवर सेफ्टी स्टॉपसाठी, म्हणजे वर येण्याआधीच्या सुरक्षेच्या थांब्यासाठी, थांबलो असता बीसीडीतील (तोल सांभाळण्यासाठी हवा भरता-सोडता येणाऱ्या जॅकेटमधील) सगळी हवा काढून टाकूनही शरीर वर उचलले जात होते. बरोबरच्या एकाचे म्हणणे असे की बुडण्यासाठी कमरेला आणखी शिसे बांधावे. दुसरा म्हणतो की तसे केल्यास मी थेट प्रवाळांवर जाऊन बसेन. कोणाचे ऐकावे? तसेच हातमोजे घातले तर प्रसंगी प्रवाळाचा आधार घेऊन स्थिर राहणे योग्य ठरेल काय?

खोलपाणी

दोघांचेही म्हणणे अर्धे बरोबर आहे, आणि दोघेही सिलिंडर विसरले आहेत. 12 लिटरच्या सिलिंडरमध्ये 200 बार दाबाने भरलेली हवा मोकळी सोडली तर साधारण 2400 लिटर होते आणि तिचे वजन 3 किलोंच्या थोडे आतच भरते. आपण 50 बार शिल्लक ठेवून वर येतो, म्हणजे तोपर्यंत पाठीवरचे 2 किलोंहून थोडे अधिक ओझे बुडबुड्यांच्या रूपाने निघून गेलेले असते. पोलादी सिलिंडरही तितकेच हलके होते, पण ते मुळात जड असल्याने बुडलेलेच राहते. नेहमी मिळणारे ॲल्युमिनियमचे सिलिंडर मात्र शेवटी स्वतःच तरंगू पाहते आणि आपल्यालाही बरोबर ओढते.

म्हणून वजनाची चाचणी डायव्ह संपताना, 50 बार उरलेले असताना करावी. बीसीडी पूर्ण रिकामी करून पृष्ठभागावर उभे तरंगत राहावे. नेहमीचा श्वास आत असताना पाणी डोळ्यांच्या पातळीवर यावे आणि श्वास सोडताच शरीर सावकाश खाली जावे. भरलेल्या सिलिंडरने चाचणी केली तर निघालेल्या वजनात साधारण 2 किलो मिळवावे लागतात, आणि नेमकी हीच मिळवणी बहुतेक जण करत नाहीत. आपल्या बाबतीत आणखी दोन गोष्टी बदलणार आहेत. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के अधिक घन असते, त्यामुळे साहित्यासह 90 किलो भरणाऱ्या माणसाला तरणतलावापेक्षा 2 किलोंच्या आसपास जास्त शिसे लागते. उलट उष्ण पाण्यात 3 मिलिमीटरचा पातळ सूट घातला तर शिसे कमी लागते. तरणतलावातला आकडा तसाच पुढे चालवणे, मग तो कमी असो वा जास्त, चुकीचेच.

गरजेपेक्षा जास्त शिसे का नको, हेही सांगतो. जास्तीच्या प्रत्येक किलोमागे बीसीडीत साधारण एक लिटर जास्तीची हवा ठेवावी लागते, आणि ती हवा खोलीनुसार फुगते वा आकसते. 10 मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, 20 मीटरवर तिप्पट, 30 मीटरवर चौपट. त्यामुळे 30 वरून 20 मीटरवर येताना हवेचा आकार एक तृतीयांशाने वाढतो, तर 10 मीटरवरून पृष्ठभागावर येताना तो दुप्पट होतो. प्रवाळांच्या पेशींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालाला उजेड लागतो, म्हणून सर्वांत दाट प्रवाळ उथळ पाण्यातच आढळतात; म्हणजे जिथे तोल सांभाळणे सर्वांत अवघड, तिथेच खाली सर्वांत नाजूक वस्ती.

मंदश्वास

वरचे गणित मान्य, परंतु सगळा दोष शिशावर टाकण्याची घाई नको. सेफ्टी स्टॉपला वर जाणारे कित्येक जण तेव्हा छाती भरून श्वास घेत असतात आणि तो पुरता सोडत नाहीत. फुप्फुसांत दोन लिटर हवा जास्त राहिली तरी दोन किलोंची उचल मिळते. श्वास सावकाश, पूर्ण सोडावा. त्याचा परिणाम लगेच नव्हे, दोन-तीन क्षणांनी दिसतो. तेवढा धीर नसल्याने माणूस बीसीडीची बटणे दाबत बसतो. श्वास रोखून तोल साधण्याचा विचार मात्र कधीही करू नये, कारण भरलेल्या छातीने एखाद-दोन मीटर वर गेले तरी फुप्फुसांना इजा होऊ शकते.

दुसरे म्हणजे शरीराची ठेवण. शिसे सगळे कमरेला असेल तर पाय खाली लोंबतात, पायांतल्या फिन्सचा (पोहण्याच्या पंखांचा) प्रत्येक फटका शरीराला वर ढकलतो, आणि तो वरचा रेटा मारण्यासाठी माणूस नकळत जड राहतो. फटके थांबले की तो बुडतो. थोडे शिसे सिलिंडरच्या पट्ट्यावर वर सरकवावे, आडवे राहावे आणि बेडकासारखे पाय मारावेत. त्याने खालची वाळू उडून प्रवाळांवर बसत नाही. लोंबणारा प्रेशर गेज (सिलिंडरमधील दाब दाखवणारे मापक) आणि पर्यायी रेग्युलेटर (श्वास घेण्याचे जादा तोंडी उपकरण) छातीशी अडकवून ठेवावेत. डायव्हर स्वतः फांद्यांच्या प्रवाळाच्या हातभर वर असतो आणि मागून फरफटणारी नळी एका फांदीत अडकते. टोक तुटून तिथे पांढरा ठिपका उरतो आणि पुढे निघून गेलेल्याला त्याचा पत्ताही नसतो. गोलसर, दगडी प्रवाळ वर्षाला जेमतेम एखाद सेंटीमीटर वाढतो, हे लक्षात घ्यावे.

हातमोज्यांना माझा स्पष्ट विरोध आहे. मोजे घातले की हात आपसूक कशाला तरी धरू पाहतात. अनेक सागरी उद्यानांत त्यांवर बंदी आहे ती यामुळेच. बोटाने नुसते दाबले तरी सांगाड्यावरचा जिवंत थर फाटतो. शिवाय, प्रवाळासारखा दिसणारा पिवळसर, पांढऱ्या कडांचा फायर कोरल खरा प्रवाळ नव्हे, आणि उघडी त्वचा त्याला लागली तर भाजल्यासारखी आग होते.

लाटेखाली

दोघांचेही मनःपूर्वक आभार. एक शंका उरते. प्रवाह जोराचा असेल आणि धरायला काहीच नसेल, तर 3 मिनिटे एका खोलीवर थांबायचे कसे?

भरतीओहोटी

भित्तीला चिकटून थांबण्याचा हट्ट सोडावा. मार्गदर्शकाने सोडलेल्या पृष्ठभाग-बोयाच्या (वर तरंगणाऱ्या खुणेच्या फुग्याच्या) दोरीशी, मोकळ्या पाण्यात, प्रवाहाबरोबर वाहत थांबावे. सगळेच वाहत असल्याने धरायची गरज भासत नाही, फक्त नजर खोली आणि वेळ दाखवणाऱ्या डायव्ह कॉम्प्युटरवर हवी. वर येण्याचा वेग मिनिटाला 9 मीटरच्या आत ठेवावा. अगदीच आधार लागला तर मृत, उघड्या खडकावर एक बोट टेकवावे, पण आधी तिथे स्टोनफिश हा विषारी काट्यांचा मासा दबा धरून बसलेला नाही ना हे नीट पाहावे, कारण तो खडकासारखाच दिसतो.

पांढरा पडलेला प्रवाळ मेलेला समजून त्यावर हात ठेवू नये. 2024 च्या एप्रिलमध्ये चौथी जागतिक विरंजन-घटना (प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडण्याची) जाहीर झाली, त्यामुळे असे प्रवाळ पुष्कळ ठिकाणी दिसतील. पाणी फार तापल्यामुळे त्यांनी शैवाल बाहेर टाकलेले असते. ते उपाशी असतात, पण जिवंत असतात, आणि पाणी वेळेत निवले तर सावरूही शकतात. आणि पहिल्या काही डायव्हना कॅमेरा बोटीवरच ठेवावा, कारण मासा चौकटीत बसवण्याच्या नादात गुडघे कुठे टेकले हे कोणालाच कळत नाही.