मदत हवी आहे: पॅडलसाठी हलकी पण अटॅकिंग रॅकेट कोणती घ्यावी?

नमस्कार मंडळी,

इथे पॅडल (काचेच्या भिंतींच्या कोर्टवर जोडीने खेळायचा टेनिससारखा खेळ) नियमित खेळणारं कुणी असेल तर जरा मदत करा. मला नवीन रॅकेट घ्यायचीय, हाताला हलकी वाटेल पण स्मॅशमध्ये दम असेल अशी, आणि दुकानात दोन माणसं दोन गोष्टी सांगतात, यूट्यूबवर तर विचारूच नका.

आधी माझ्या खेळाबद्दल सांगते म्हणजे सुचवायला सोपं जाईल. मी मूळची बॅडमिंटनवाली, पुण्यात शाळा-कॉलेजभर तेच खेळले. दुबईत आल्यावर ऑफिसच्या ग्रुपमुळे पॅडल सुरू झालं आणि आता पक्का नाद लागलाय. अल कूझला गोडाउनमधे इनडोअर कोर्ट आहेत तिथे खेळतो आम्ही. मी उजव्या हाताने खेळते आणि डावी बाजू घेते, त्यामुळे मधे आलेला उंच बॉल बहुतेक माझाच असतो. बॅडमिंटनमुळे बॉलखाली वेळेवर पोचते, बांदेहा (उंच बॉल हवेतच कापून मारायचा सौम्य फटका) व्यवस्थित जमतो, विबोरापण (तसाच, पण जास्त वेगाचा आणि फिरकीचा) हल्ली बसायला लागलाय. घोडं अडतंय ते स्मॅशपाशी. मी जोरात मारते, बॉल पलीकडे टप्पा खाऊन मागच्या काचेला लागतो आणि तिथेच समोरच्याला आरामात खेळता येईल असा उभा राहतो. तो एकतर उसळून आमच्या बाजूला परत यायला हवा नाहीतर बाजूच्या जाळीवरून बाहेर जायला हवा, तेवढा जोर बॉलला मिळतच नाही.

सध्याची रॅकेट गोल शेपची, ३७० ग्रॅमची, त्यावर ओव्हरग्रिप (मुठीवर गुंडाळायची पट्टी) आणि वरच्या कडेला प्रोटेक्टर टेप. बॅडमिंटनची रॅकेट ८०-९० ग्रॅमची असते आणि मला मनगटाने फटका मारायची सवय, ती काही सुटत नाही. त्यात पॅडलच्या रॅकेटला तारा नसतात, आत फोम आणि वरून कार्बन किंवा फायबर, त्यामुळे बॉल चुकीच्या जागी लागला की हादरा थेट कोपरात. मोठी मॅच झाली की कोपराची बाहेरची बाजू ठणकते, दुसऱ्या दिवशी चहाचं भरलेलं पातेलं उचलताना बरोब्बर कळतं. फिजिओने सांगितलंय की खेळ बंद करायची गरज नाही पण वजन कमी करा आणि एकदम कडक रॅकेट घेऊ नका.

आता माझा गोंधळ इथे आहे. अटॅकसाठी सगळे डायमंड शेप (हिऱ्यासारखा, वरच्या बाजूला रुंद) सांगतात. लांबी नियमाप्रमाणे ४५.५ सेंमीच्या वर जात नाही, जाडी ३८ मिमीच्या वर नाही, म्हणजे सगळा खेळ वजन कुठे ठेवलंय त्याचा. डायमंडमधे ते वर, म्हणून फटक्याला जोर, पण स्वीट स्पॉटही (बॉल सगळ्यात चांगला बसतो ती जागा) वर सरकतो आणि लहान होतो. मग ३५० ग्रॅमची डायमंड रॅकेट हातात ३६५ च्या गोल रॅकेटपेक्षा जड नाही का वाटणार? तसं असेल तर नुसता वजनाचा आकडा बघून काय उपयोग?

बाबोलाटची एअर वायपर डोक्यात आहे, डायमंड आहे आणि ३५५ च्या आसपास, टेक्निकल वायपरपेक्षा हलकी. बुलपॅडेलच्या व्हर्टेक्सचं महिलांसाठीचं मॉडेलपण बघितलं. पॅडलमधला नामवंत खेळाडू तापिया खेळतो ती नॉक्सची एटी१० टिअरड्रॉप (थेंबाच्या आकाराची, गोल आणि डायमंडच्या मधली) आहे, दिसायला फार आवडली पण वजन? बजेट ९०० दिरहमपर्यंत, जुनं मॉडेल सेलमधे मिळालं तरी चालेल.

कोपर सांभाळून डाव्या बाजूला खेळणारं कुणी असेल तर प्लीज सांगा, विशेषतः बॅडमिंटनमधून आलेल्यांनी.

प्रतिसाद

ताई, तुमची शंका अगदी बरोबर आहे, बॅलन्स हीच मुख्य गोष्ट. दुकानात रॅकेट बोटावर आडवी ठेवून तोल कुठे जमतो ते बघा. मुठीच्या टोकापासून साधारण २६० मिमी म्हणजे मध्यम, २७० च्या जवळ गेलं की डोकं जड. कोपर दुखतंय तोवर मी तरी मध्यमच्या फार वर जाणार नाही. म्हणून पूर्ण डायमंड नको, टिअरड्रॉप घ्या, आत मऊ इव्हीए (एक प्रकारचा फोम) असलेली. ३के, १२के, १८के ह्या कार्बनच्या विणीच्या आकड्यांच्या मागे लागू नका, फोम किती मऊ आहे ते विचारा.

दुसरं म्हणजे कंपन्या वजन अधिक-उणे १० ग्रॅम लिहितात, म्हणजे एकाच मॉडेलच्या दोन रॅकेटमधे २० ग्रॅमचा फरक पडू शकतो! दुकानदाराला काट्यावर ठेवायला सांगा, हातात येईल तीच तोला, आणि त्यांच्याकडे जेवढे पीस असतील त्यातला हलका उचला. ३४० च्या खाली मात्र नको. फार हलकी असेल तर नेटजवळ समोरून जोराचा बॉल आला की ती हातात फिरते, मग आपण मूठ आवळतो, आणि कोपराला तेच बाधतं. प्रोटेक्टर टेप जाड असेल तर काढा, १०-१५ ग्रॅम तिथेच जातात आणि तेही नेमके डोक्याकडे. वजन खालीच हवं असेल तर एक ओव्हरग्रिप जास्त गुंडाळा.

आणि दुबईत आहात म्हणून मुद्दाम सांगतो, रॅकेट उन्हात गाडीत ठेवू नका, उष्णतेने फोम मऊ पडतो आणि लवकर खराब होतो.

धागाकर्ती

दादा, मनापासून आभार. टेप आजच काढते, ती डोक्याकडे एवढी जड पडत असेल हे लक्षातच आलं नव्हतं. टिअरड्रॉप आणि मऊ इव्हीए हे ठरलं, आता क्लबमधे ट्रायलला मिळतात त्यातल्या दोन-तीन घेऊन खऱ्या मॅचमधे खेळून बघते. फक्त एक राहिलं, आदिदासच्या मेटलबोनला स्क्रू काढून वजन आणि बॅलन्स थोडा बदलता येतो ना, ते कुणी प्रत्यक्ष करून बघितलंय का? स्मॅशमधे आणि कोपरात फरक जाणवतो का? शेप डायमंडच आहे म्हणून घाबरतेय, पण ती सेलमधे बजेटमधे बसतेय.