२०१२ ची स्विफ्ट: सस्पेन्शनचं काम करावं का गाडीच काढावी?

होटगीरोडकर:
मंडळी, स्विफ्ट डिझेल आहे, २०१२ ची. बारीक खड्ड्यातनं गेलं की पुढनं खडखड येतीय, मोठ्या ब्रेकरला एवढं नाही, आणि डावा टायर आतनं झिजलाय. गॅरेजवाला म्हणतो दोन्ही लोअर आर्म (चाकाला खालनं धरणारे दांडे), लिंक रॉड (सस्पेन्शनमधली छोटी जोडदांडी), चारी शॉकअप, त्यांचं माउंटिंग, सगळं मिळून २४ हजार. इंजिन अजून टकाटक आहे, पण एवढ्या जुन्या गाडीत पैसे घालावेत का?

काळीमाती:
चारी शॉकअप कशाला ओ? तेल सोडलंय का ते वाकून बघा आधी, कोरडे असतील आणि गाडी डोलत नसेल तर राहू द्या. बारीक खड्ड्यात खडखड म्हणजे बहुतेक लिंक रॉड, स्वस्तातलं काम आहे. पण बॉल जॉइंट, म्हणजे आर्म आणि चाक जोडणारा गोल सांधा, बघाच. गाडी जॅकवर घ्या, खाली स्टँड लावा, चाक वर-खाली धरून हलवा, खेळ आला तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा, ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर बेअरिंग, तरीपण राहिला तर बॉल जॉइंट. तो सुटला की चाक आडवं होतंय, तिथं उद्यावर ढकलायचं नाही.

बाळीवेस_बॉय:
विका बे, सीएनजी घ्या नवी.

नानाड्रायव्हर:
विका म्हणणं सोपंय, खडखडती गाडी दाखवली की गिऱ्हाईक खर्चाच्या दुप्पट भाव पाडतंय. आरसी २०२७ पर्यंत आहे, रिपासिंग केलं की अजून ५ वर्षं. खालनं पत्रा गंजून सडला नसेल तर काम करून घ्या. आर्ममधले नुसते रबरी बुश प्रेसवर बदलून मिळतात, पण बॉल जॉइंटपण गेला असेल तर आख्खा आर्मच टाका. आणि एक, आर्मचे बोल्ट शेवटचे टाइट करताना गाडी चाकावर उभी पाहिजे, हवेत लटकत असताना आवळले की बुश पिळून बसतो आणि लवकर फाटतो, घाईत बरेच जण हे करत नाहीत. नंतर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचा कोन नीट लावून घ्या, नाहीतर नवा टायरपण तसाच खाईल. उसाच्या ट्रॉल्यांनी रस्त्यांची वाट लावलीय ते वेगळंच.

होटगीरोडकर:
बघितलं. डाव्या बाजूला खेळ आहे, ब्रेक दाबूनपण राहतोय. शॉकअप चारी कोरडे. मग आर्म, लिंक रॉड आणि अलाइनमेंट एवढंच करतो, तोवर तुळजापूरला एसटीनं. ओरिजिनल आर्म सोलापुरात जुन्या पुणे नाक्याकडं मिळेल का कुणाला माहितीय?