आंतरमहाविद्यालयीन कबड्डी: पंचांच्या निर्णयाचा जाब कोणाला विचारायचा?

प्रश्न: मुलींच्या संघाची प्रशिक्षक

नमस्कार. तालुक्याच्या गावी असलेल्या एका महाविद्यालयात मी मुलींच्या कबड्डी संघाला शिकवते. यंदा विभागीय स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात आमचा संघ एका गुणाने हरला. हरल्याची तक्रार नाही. तो गुण ज्या रीतीने गेला, त्याची आहे. सामना संपत आला असताना आमच्या मुलीने बोनस, म्हणजे बोनस रेषेपलीकडे पाय टेकवून मिळणारा जादा गुण, घेतला. तिच्या बाजूच्या पंचांनी बोनसची खूण केली, पलीकडच्या पंचांनी नकारार्थी हात हलवला आणि सरपंचांनी (सामन्याच्या मुख्य पंचांनी) दोघांपैकी कोणालाही जवळ न बोलावता टेबलापाशी उभे राहूनच गुण नाकारला. आमच्या कर्णधाराने कारण विचारले, तर तिला ताकिदीचे हिरवे कार्ड दाखवण्यात आले.

मी रीतसर शुल्क भरून लेखी हरकत नोंदवली. तिला लेखी उत्तर मिळाले नाही. ‘पंचांचा निर्णय अंतिम असतो’ एवढे तोंडी सांगून मला परत पाठवले. दोघांपैकी एक पंच यजमान महाविद्यालयाच्या मुलींचा सराव घेतात, हे मैदानावर सगळ्यांना ठाऊक होते, आणि आमचा सामना त्याच संघाशी होता. त्यांनी मुद्दाम पक्षपात केला असे मी म्हणत नाही, कारण ते सिद्ध करायला माझ्या हातात काही नाही; पण अशी नेमणूक मुळात कोणी केली, हे सांगायलाही कोणी तयार नाही. याच सामन्यांवरून विद्यापीठाचा संघ निवडला जातो आणि तिथून पुढे आंतरविद्यापीठ पदक किंवा रेल्वेची खेळाडू कोट्यातील भरती अशा वाटा निघतात, म्हणून मुलींच्या दृष्टीने हा एका गुणापुरता विषय नाही. महाविद्यालयीन स्पर्धेतील पंच नेमके कोणाला उत्तरदायी असतात?

प्रतिसाद: राज्य पंच परीक्षा उत्तीर्ण, कोल्हापूर

ताई, आपला राग समजतो, तरी आधी नियमाची बाजू मांडतो. मैदानावरील पंचांचा निर्णय सर्वसाधारणपणे अंतिम असतो हे खरे. परंतु दोन पंचांत मतभेद झाल्यास किंवा विशेष परिस्थितीत निर्णय देण्याचा अधिकार सरपंचांना आहे. म्हणजे तुमच्या सामन्यात सरपंचांनी अधिकार ओलांडला नाही, मात्र तो वापरण्याची रीत चुकली. दोघांना जवळ बोलावून कोणी काय पाहिले हे विचारायला दहा सेकंदही लागत नाहीत.

बोनस पाहणे वाटते तितके सोपे नाही. चढाई करणाऱ्या खेळाडूचा पुढचा पाय बोनस रेषेच्या पूर्ण पलीकडे टेकलेला आणि त्याच क्षणी मागचा पाय हवेत असावा लागतो. शिवाय बचावात किमान सहा खेळाडू असतील तरच तो गुण धरला जातो, त्यामुळे मोजणीही डोक्यात चालू ठेवावी लागते. पंच मध्यरेषेच्या टोकालाच उभा राहिला, तर रेषा त्याला तिरकी दिसते; तिच्या समोर येईपर्यंत पाय परत गेलेला असतो. मॅटवर निदान रेषा तरी ठळक असते. मातीच्या मैदानावर सकाळी मारलेली फक्की दुपारच्या सामन्यापर्यंत पायांनी पुसली जाते आणि मग पंच रेषा पाहत नाही, आठवतो. दिवसभर एकामागून एक सामने, मध्ये नीट जेवण नाही, आणि संध्याकाळी निर्णायक सामना त्याच माणसाच्या हाती, हे चित्र मी अनेक ठिकाणी पाहिले आहे.

नेमणुकीबाबत मात्र तुमच्याशी पूर्ण सहमत आहे. बऱ्याच ठिकाणी पंचांना बोलावणारे, त्यांची जेवणाची सोय पाहणारे आणि शेवटी मानधनाचे पाकीट देणारे एकच असते, ते म्हणजे यजमान महाविद्यालय. पुढच्या वर्षी पुन्हा बोलावणे यावे असे ज्याला वाटते, तो पंच कितीही प्रामाणिक असला, तरी अटीतटीच्या क्षणी त्याच्यावर दडपण राहतेच. तेव्हा पंचांना शिक्षा काय करायची याआधी त्यांना नेमतो कोण, हे सोडवा.

राहिला ज्ञानाचा मुद्दा. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत भारत आणि इराण यांच्या पुरुषांच्या अंतिम सामन्यात २८-२८ अशी बरोबरी असताना पवन सेहरावतच्या चढाईवर लॉबीचा (मैदानाच्या दोन्ही कडांच्या पट्ट्यांचा) जुना नियम लावायचा की नवा, यावरून निर्णय पुन्हा पुन्हा बदलला आणि खेळ बराच वेळ थांबला. पुढे भारताने तो सामना ३३-२९ असा जिंकला. त्या पातळीवर कॅमेरे, तांत्रिक समिती, सगळे हाताशी असताना जर हे घडते, तर हंगामापूर्वी एकदाही उजळणी वर्ग न झालेल्या पंचांकडून आपण काय अपेक्षा करायची?

प्रतिसाद: अमेरिकेतील मिझुरी राज्यातील वाचक

मी कबड्डीचा जाणकार नाही, पण इथल्या महाविद्यालयीन अमेरिकन फुटबॉलमध्ये हाच वाद दर हंगामात पेटतो, म्हणून लिहितो. इथे पंचांची नेमणूक यजमान विद्यापीठ करत नाही. अनेक विद्यापीठांची मिळून जी कॉन्फरन्स असते, ती करते. सामन्यानंतर चित्रफीत पाहून पंचांच्या निर्णयांचे मूल्यमापन होते, आणि पुढे मोठे सामने कोणाला द्यायचे हे ठरवताना ते विचारात घेतले जाते. हे पंचही बहुतेक अर्धवेळच असतात. आठवडाभर आपापला नोकरीधंदा करून शनिवारी मैदानात उतरतात.

तरीही चुका होतात, आणि चांगल्या ठळक होतात. ६ ऑक्टोबर १९९० रोजी आमच्याच राज्यातील कोलंबिया येथे कोलोरॅडो विद्यापीठाच्या संघाला चेंडू पुढे नेण्यासाठी नियमाप्रमाणे चार प्रयत्न मिळायचे, ते पंचांच्या मोजणीतील गफलतीमुळे पाच मिळाले. पाचव्या प्रयत्नात गुण घेऊन त्यांनी मिझुरीला ३३-३१ असे हरवले. पंचांना निलंबित केले, पण निकाल बदलला नाही, आणि कोलोरॅडो त्या हंगामात राष्ट्रीय विजेतेपदाच्या मानकऱ्यांत जाऊन बसला. इथली जुनी मंडळी अजूनही त्यावर बोलताना आवाज चढवतात. २०१५ मध्ये ड्यूक आणि मायामी यांच्या सामन्यात शेवटच्या क्षणी चेंडू हातोहात फिरवत मायामीने ३०-२७ असा विजय मिळवला. दुसऱ्याच दिवशी संबंधित कॉन्फरन्सने त्या एका खेळीत पंचांकडून चार चुका झाल्याचे जाहीर केले आणि चित्रफीत तपासणाऱ्या अधिकाऱ्यासह सगळ्यांना दोन सामन्यांसाठी बाजूला केले. निकाल मात्र तसाच राहिला.

या व्यवस्थेची दुसरी बाजूही आहे. प्रशिक्षकाने पंचांवर जाहीर टीका केली तर त्याला दंड होतो, त्यामुळे पुष्कळ प्रश्न बंद दाराआडच राहतात. तरी जबाबदार कोण, हे शोधत फिरावे लागत नाही. तुमच्या हरकतीला लेखी उत्तर नाही, हे मला त्या हुकलेल्या गुणापेक्षा गंभीर वाटते.

प्रश्नकर्तीचे उत्तर

दोघांचे आभार. कोल्हापूरच्या सरांनी रेषेबद्दल जे लिहिले ते रास्त आहे. आमच्या मैदानावरही दुसऱ्या डावात रेषा ओळखू येत नव्हत्या. पण यजमान संघाचा सामना असेल तेव्हा शेजारच्या विभागातील पंच बोलवावेत, असे मी आयोजकांना सुचवले, तर ‘प्रवासखर्च कोण देणार’ असा प्रश्न आला. विद्यापीठ जर स्पर्धेसाठी शुल्क घेते, तर हा खर्च त्यातून का होऊ नये? आणि एका पालकाने काढलेले मोबाइलचे चित्रण कोणी पाहायलाही तयार नव्हते, हे योग्य आहे का?

प्रतिसाद: निवृत्त शारीरिक शिक्षण संचालक

चित्रणाबाबत आयोजकांची बाजू मला पटते. प्रेक्षकांतून काढलेले चित्रण नेहमी एका संघाच्या बाजूचे असते, कोन सोयीचा निवडलेला असतो, आणि एकदा ते स्वीकारले की प्रत्येक चढाईनंतर दहा मोबाइल टेबलावर येतील. आयोजकांनीच बोनस रेषेच्या सरळीत एक मोबाइल तिपाईवर लावून ठेवला, तर ते चित्रण दोन्ही संघांचे मानता येते. त्याला खर्च जवळजवळ नाही, इच्छा मात्र लागते.

प्रवासखर्चाची सबब मी स्वतः आयोजक असताना अनेकदा ऐकली आहे आणि ती अर्धीच खरी आहे. चषक, मंडप आणि पाहुण्यांचे सत्कार यांवरचा खर्च थोडा आवरला, तर परगावच्या दोन पंचांची सोय सहज होते. खरी अडचण अशी की आपल्याकडे यजमान संघाचा मार्गदर्शक, स्पर्धेचा आयोजक आणि निवड समितीचा सदस्य ही तिन्ही कामे पुष्कळदा एकाच संचालकाकडे असतात. तो माणूस वाईट असतो असे नाही. त्याच्यावर देखरेख ठेवणारे कोणी नसते.

आता आपल्या प्रकरणात काय करता येईल ते सांगतो. निकाल बदलण्याची मागणी करू नका. ती मान्य होणार नाही आणि तिच्यामुळे बाकीचे प्रश्नही बाजूला पडतील. प्राचार्यांमार्फत विद्यापीठाच्या क्रीडा व शारीरिक शिक्षण मंडळाकडे अर्ज करा आणि त्यात आपल्या हरकतीवर कोणी, कधी, काय निर्णय घेतला एवढेच विचारा. तिथूनही मौन राहिले, तर सार्वजनिक विद्यापीठ २००५ च्या माहितीच्या अधिकार कायद्याखाली येते. जनमाहिती अधिकाऱ्याकडे त्या सामन्याच्या गुणपत्रकाची प्रत, पंचांच्या नेमणुकीचे पत्र आणि हरकतीवरील शेरा मागा. सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. नेमणुकीचे पत्रच नाही असे उत्तर आले, तर पुढच्या वर्षी नियम बदलून घेण्यासाठी तेच तुमचा सर्वांत भक्कम आधार ठरेल. महाविद्यालयांकडे पडलेली गुणपत्रके हंगाम संपला की फार काळ जपून ठेवली जात नाहीत, असा माझा अनुभव आहे. तेव्हा अर्ज याच आठवड्यात द्या आणि पोहोच घ्यायला विसरू नका.