अ‍ॅनिमेशन फिल्ममध्ये कॅरेक्टर मॉडेलिंगला एवढा भाव का?

केतकी_थ्रीडी
कोर्स चालू आहे, पुढे मॉडेलिंग (कॅरेक्टरचा थ्रीडी आकार घडवणं) घ्यायचं का अ‍ॅनिमेशन (त्याला हलवणं) ते ठरवायचंय. ग्रुपमधला एक जण सारखा म्हणतो कॅरेक्टर नीट हललं की झालं, मॉडेल कोण बघतंय, आणि पुरावा म्हणून 'फ्लो' पुढे करतो. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये केलेली फिल्म, २०२५ ला ऑस्कर घेतलं, आणि त्यातल्या मुख्य मांजरीच्या अंगावर धड सुटे केस पण नाहीत. काय उत्तर द्यायचं याला?

भटका_पिक्सेल
त्याला पिक्सारची 'टिन टॉय' दाखव. १९८८ ची शॉर्ट फिल्म, ऑस्कर मिळालंय तिला पण, पण त्यातलं बाळ बघून आजही अंगावर काटा येतो. म्हणून तर 'टॉय स्टोरी'त (१९९५) हिरो खेळणी, प्लास्टिक प्लास्टिकसारखं दिसलं तर कोण तक्रार करणार, माणसं आपली अधूनमधून. कातडी जरा कातडीसारखी वाकायला लागली ती 'जेरीज गेम'मध्ये, १९९७, तो म्हातारा एकटाच बुद्धिबळ खेळतो ती. सबडिव्हिजन सरफेस वापरले होते, म्हणजे मॉडेलची ठोकळेबाज जाळी बारीक विभागत गुळगुळीत करायची, आता आपण ब्लेंडरमध्ये त्याचा मॉडिफायर (तयार टूल) लावून मोकळे होतो. बाकी त्याचं गणित १९७८ चं आहे बरं का, कॅटमुल आणि क्लार्क या दोन संशोधकांचं.

रिगवाला
अरे पण डिटेल म्हणजे मॉडेलिंग नव्हे ना!! केस नाहीत म्हणून मॉडेल साधं, हे कोणी सांगितलं? मांजर दबकत चालते तेव्हा खांद्याची हाडं पाठीच्या वर येतात, आता तिथे मेशमध्ये (मॉडेलच्या जाळीत) पुरेसे लूप, म्हणजे जाळीच्या सलग ओळी, ठेवलेच नसतील तर अ‍ॅनिमेटर कितीही भारी असो कातडी चुरगळणारच. तोंडाचं पण तेच, ओठांभोवती आणि डोळ्यांभोवती गोल लूप हवेत, जाळीचे तुकडे शक्यतो सगळे क्वाड, म्हणजे चौकोनी. टी-पोजमध्ये (हात आडवे पसरून उभं) मॉडेल राजबिंडं दिसतं, रेंडर (तयार चित्र) टाकला की लाइक पण येतात, आणि रिग करून, म्हणजे हलवण्यासाठी आत हाडं बसवून, हसवलं की गाल आत जातो. मग निस्तरायचं आम्ही, वेट पेंट करत, म्हणजे कुठल्या हाडाबरोबर कातडी किती हलणार ते रंगवत, रात्रभर.

सोनचाफा
+१. २००४ च्या नोव्हेंबरमध्येच 'पोलर एक्सप्रेस' आणि 'द इन्क्रेडिबल्स' दोन्ही आले होते. पहिल्यात खऱ्या माणसासारखी माणसं, तर लोकांना भुतासारखी वाटली. दुसऱ्यात बापाची छाती कपाटाएवढी, पाय काडीसारखे, आणि ते कुटुंब पटतं. किती खरं दाखवायचं ते मॉडेलिंगलाच ठरतं.

रिगवाला
पोलरचं खापर मॉडेलवाल्यांवर नको हं. मोशन कॅप्चर होतं ते, म्हणजे खऱ्या नटांची हालचाल टिपून कॅरेक्टरला दिलेली, डोळ्यांची हालचाल नीट पकडली गेली नाही, म्हणून नजर मेलेली. आणि किती खरं दाखवायचं ते डिझाइनवाले आधीच ठरवतात.

केतकी_थ्रीडी
बापरे, म्हणजे मॉडेलिंग घेतलं तरी रिगिंग शिकावंच लागणार?

रिगवाला
थोडं तरी. निदान कोपर, गुडघा आणि जबडा स्वतः वाकवून बघायचा आणि मगच फाइल पुढे द्यायची, तेवढं केलंस तरी रिगवाले दुवा देतील.