मदत हवी आहे: पाड्याची लोकसंख्या कुठून काढायची?

जव्हार तालुक्यातल्या (जि. पालघर) एका पाड्याचं, म्हणजे गावाच्या हद्दीतल्या छोट्या वस्तीचं, स्थान आणि लोकसंख्या नक्की करायची आहे. २०११ च्या जनगणनेत आकडे महसुली गावाचे, पाड्यांचे वेगळे नाहीत. शिवाय पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा झाला, म्हणून गाव ठाणे जिल्ह्याच्या जनगणना पुस्तिकेत त्याच्या सहा अंकी जनगणना कोडने शोधायचं. (नुसत्या नावावर गेलात तर फसलातच, एकाच नावाचे पाडे ढिगाने.) अक्षांश-रेखांश टोपोशीटवरून (सर्व्हे ऑफ इंडियाच्या तपशीलवार नकाशावरून) निघतील. अडतंय माणसं मोजण्यापाशी. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मधून (घरपट्टी आकारणीच्या नोंदवहीतून) घरं कळतात, माणसं नाहीत. मतदार यादीत १८ वर्षांखालचे नसतात. अंगणवाडीच्या कुटुंब सर्वेक्षण नोंदवहीत पाड्यानुसार आकडा मिळतो का? आणि कामासाठी वीटभट्टीवर स्थलांतर करून गेलेली कुटुंबं त्यात धरतात की वगळतात?